चेंडू कुठेच लिहिलेला नाही

पाँग हा खेळ कधीच न पाहिलेल्या माणसालाही तो अर्ध्या मिनिटात समजावता येतो. काळा पडदा, मधोमध तुटक पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना एकेक उभी फळी आणि इकडून तिकडे टोलवला जाणारा एक चौकोनी ठिपका. टेबल टेनिसच, फक्त आटवून आटवून चार रेघांवर आणलेलं. प्रोग्रॅमिंग शिकणारी कितीतरी मुलं आज पहिला खेळ म्हणून हाच लिहितात. पायथॉनमधल्या शे-दीडशे ओळी आणि एक रिकामी संध्याकाळ, एवढ्यात ठिपका टोलवायला लागतो.

पण त्या संध्याकाळी तयार होतो तो पाँगसारखा दिसणारा दुसराच खेळ. खरा पाँग, म्हणजे १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात एका पिंपावर ठेवलेला लाकडी खोका, जसाच्या तसा आजच्या संगणकावर उभा करायचा म्हटलं, तर भल्याभल्यांना घाम फुटतो. सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करणारा संगणक या चार रेघांपुढे धापा टाकतो. असं का होतं, ते कळायला खोका उघडून आत बघावं लागतं.

अटारी ही कंपनी तेव्हा नुकतीच निघाली होती. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी हे तिचे दोघे मालक. त्यांनी अॅलन अल्कॉर्न या चोवीस वर्षांच्या इंजिनिअरला कामावर घेतलं आणि हात बसावा म्हणून एक सोपा खेळ करायला सांगितला. हा खेळ जनरल इलेक्ट्रिकला हवाय, अशी थापही मारली, म्हणजे पोरगा मन लावून काम करील. अल्कॉर्नने दुकानातून एक साधा कृष्णधवल टीव्ही आणला आणि साठ-पासष्ट चिपा जोडून खेळ उभा केला. गुत्त्यात ठेवल्यावर थोड्याच दिवसांत निरोप आला की यंत्र बंद पडलंय. अल्कॉर्नने जाऊन पाहिलं तर नाण्यांचा डबा तुडुंब भरून वाहत होता, म्हणून यंत्र अडलं होतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं. आपल्याकडे लोक टीव्हीपुढे नुसते बसायला शिकत होते, तेव्हा तिकडे टीव्हीला हात लावता येतो, हे लोकांना पहिल्यांदा कळत होतं.

त्या साठ-पासष्ट चिपांत प्रोसेसर नव्हता. साठवणीची मेमरी नव्हती. मुख्य म्हणजे प्रोग्रॅमच नव्हता. खेळाचे नियम कोणत्याही भाषेत कुठेही लिहिलेले नव्हते. सगळा खेळ तारांच्या जोडणीत होता.

मग चेंडू हलायचा कसा? या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये एक किरण पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, मग खालची ओळ, मग त्याखालची. पाँगमध्ये अशा २६२ ओळींची एक फेरी होते आणि सेकंदाला साठ फेऱ्या. यंत्राचं घड्याळ सेकंदाला ७१ लाख ५९ हजार ठोके देतं, एका ओळीला ४५५ ठोके लागतात. किरण आत्ता कुठे आहे, हे ठोके मोजून कळतं. आता समजा, दुसरा एक काउंटर शेजारी बसून तितकेच ठोके मोजतोय आणि मोजणी पुरी झाली की क्षणभर ‘उजेड’ असा इशारा देतोय. त्याची मोजणी किरणाच्या फेरीशी तंतोतंत जुळली, तर उजेड दर वेळी पडद्यावरच्या एकाच जागी पडेल. चेंडू स्थिर. पण त्याला दर फेरीत एक ओळ जास्त मोजायला लावलं तर? उजेड दर फेरीत एक ओळ खाली सरकेल. कमी मोजायला लावलं तर वर. आडव्या दिशेलाही हीच तऱ्हा, फक्त ओळींऐवजी ठोके.

घरात एखादं भिंतीवरचं घड्याळ रोज एक मिनिट मागे पडत असतं. त्याचे बाराचे टोले आज बाराला, उद्या बारा वाजून एक मिनिटाने, परवा दोन मिनिटांनी. पाँगचा चेंडू म्हणजे हे मागे पडणं. ‘चेंडू अमुक जागी आहे’ अशी नोंद यंत्रात कुठेच नाही. दोन मोजण्यांमधलं अंतर एवढाच तो आहे. संध्याकाळी पाँग लिहिणारा मुलगा पहिल्या ओळीत ‘एक्स’ आणि ‘वाय’ असे दोन आकडे मांडतो आणि तिथेच मूळ यंत्राची वाट सोडतो.

अशा जुन्या खेळांना पुन्हा जिवंत करण्याचा उद्योग गेली पंचवीस-तीस वर्षं जोरात चालू आहे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव मेम. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७च्या फेब्रुवारीत त्याची पहिली आवृत्ती काढली. पुढे जगभरचे हौशी लोक त्याला येऊन मिळाले आणि आज हजारो जुनी यंत्रं त्यात चालतात. अशा सॉफ्टवेअरला इम्युलेटर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बहुरूपी. जुन्या यंत्रातल्या रॉम चिपमधला मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवून घ्यायचा आणि आपण त्या यंत्राच्या प्रोसेसरचं सोंग घेऊन त्याच्यापुढे उभं राहायचं. समोर खरा प्रोसेसर नाही, हे त्या प्रोग्रॅमला कळतच नाही. तो बापडा १९७८ साल चालू आहे असं समजून कामाला लागतो.

पण पाँगमध्ये उतरवून घ्यायला प्रोग्रॅमच नाही, तर सोंग कोणापुढे घ्यायचं? तिथे एकच रस्ता उरतो. मूळ सर्किटचा नकाशा समोर ठेवायचा, कोणत्या चिपचा कोणता पाय कोणत्या चिपच्या कोणत्या पायाला जोडलाय याची यादी करायची आणि प्रत्येक चिपचं वागणं वेगवेगळं सोडवत बसायचं. या यादीला नेटलिस्ट म्हणतात आणि मेममध्ये पाँग याच पद्धतीने चालतो. त्या काळच्या चिपला आत आलेला इशारा बाहेर काढायला साधारण दहा नॅनोसेकंद लागत. सर्किटमध्ये दोन इशारे दोन वाटांनी येऊन एका ठिकाणी भेटतात तिथे हा उशीरही महत्त्वाचा असतो, म्हणून तोही हिशेबात धरावा लागतो.

संगणकाची दमछाक होते ती इथे. खऱ्या पाँगमधल्या साठ-पासष्ट चिपा आपापलं काम एकाच वेळी करतात. पंगतीत साठ पानं आणि साठ वाढपी, असा तो थाट. आजचा प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी इथे तो एकटा वाढपी. प्रत्येक पानापाशी धावत जायचं, वाढायचं, पुढे पळायचं, आणि सेकंदाला सत्तर लाखांहून जास्त वेळा पंगत पहिल्यापासून सुरू. म्हणून काही जण दुसऱ्या वाटेने गेले. एफपीजीए नावाची चिप मिळते, तिच्या आतली जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येते. तिच्यात मूळ सर्किटच मांडलं की पुन्हा साठ वाढपी हजर. मिस्टर नावाचा प्रकल्प याच वाटेचा. हौशी मंडळींत या दोन पंथांचे वाद शैव-वैष्णवांइतके रंगतात. त्यात पडण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर चुकांमध्ये आहे. पाँगच्या फळ्या पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत जात नाहीत, थोडी फट राहते. सर्किटमधला तो दोष होता. अल्कॉर्नच्या लक्षात आलं की ती फट नसेल तर दोन तरबेज खेळाडू खेळ कधी संपवणारच नाहीत, आणि खेळ संपला नाही तर नवं नाणं पडणार नाही. दोष राहू दिला. फळीचे त्याने आठ भाग कल्पिले होते. मधल्या भागावर चेंडू लागला तर सरळ परत जातो, कडेच्या भागावर लागला तर तिरका. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढतो. बुशनेलला गुण मिळाल्यावर प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू यायला हवा होता आणि डॅबनीला गुण गमावल्यावर हुर्यो. अल्कॉर्नकडे त्यासाठी जागाही नव्हती आणि वेळही. त्याने सर्किटमध्ये आधीच खेळत असलेल्या इशाऱ्यांपैकी बरे वाटणारे स्वर शोधून स्पीकरला जोडले. सगळ्या जगाने ओळखलेला तो ‘पाँग’ आवाज असा उरल्यासुरल्यातून आलेला आहे. संध्याकाळच्या पाँगमध्ये फळी वरपर्यंत जाते, कारण लिहिणाऱ्याला ती तशी जायला हवी असंच वाटतं.

तारांचा खेळ प्रोग्रॅममध्ये उतरवण्याचं काम पहिल्यांदा करणाऱ्यांत एक माणूस असा होता, की ज्याने तो तारांचा खेळही स्वतःच रचला होता. १९७६ साली अटारीचा ब्रेकआउट आला. भिंतीच्या विटा चेंडूने फोडायच्या, असा खेळ. त्याचं काम स्टीव्ह जॉब्सकडे आलं आणि त्याने ते मित्राकडून, स्टीव्ह वॉझ्नियॅककडून, चार रात्रंदिवसांत करून घेतलं. वॉझ्नियॅकने चिपा इतक्या काटकसरीने वापरल्या होत्या की अटारीच्या कारखान्याला ते डिझाइन झेपलं नाही. बाजारात आलेलं यंत्र वेगळं होतं. पुढे अॅपल टू हा संगणक करताना वॉझ्नियॅकने त्यात रंग, आवाज आणि नॉबची सोय केली, ती बऱ्याच अंशी बेसिक भाषेत ब्रेकआउट लिहिता यावा म्हणून. आणि लिहिल्यावर तो स्वतःच चकित झाला. तारा जोडून जे बदल करायला आयुष्य पुरलं नसतं, ते एका ओळीतला आकडा बदलून होत होते.

याच सुमारास खेळांमध्ये प्रोसेसर आले. जपानच्या तैतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादोचा वेस्टर्न गन हा खेळ तारांवर चालणारा होता. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो १९७५ साली गन फाइट या नावाने काढताना त्यात इंटेलचा ८०८० प्रोसेसर बसवला. आपल्याच खेळाची ही दुसऱ्याने केलेली आवृत्ती निशिकादोला भावली आणि पुढच्या खेळासाठी त्यानेही तोच प्रोसेसर घेतला. तो पुढचा खेळ म्हणजे १९७८चा स्पेस इन्व्हेडर्स.

इथे बहुरूप्याची पद्धत चालते, कारण रॉम आहे. प्रोग्रॅम जेमतेम आठ किलोबाइटचा. आज मोबाइलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फुलांचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. चित्र २५६ गुणिले २२४ ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपका एक तर पेटलेला नाही तर विझलेला, म्हणून सगळा पडदा ७,१६८ बाइटांत मावतो. इम्युलेटर लिहायला शिकणारे लोक हा खेळ पहिला घेतात तो यामुळेच.

ज्यांना रॉमचं बोट न धरता नुसता खेळ बघून तो पुन्हा लिहायचा असतो, ते मात्र हमखास एका ठिकाणी फसतात. पडद्यावर परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, एकूण पंचावन्न. ते आडवे सरकत सरकत खाली उतरतात आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने पळू लागतात. छातीत धडधड व्हावी म्हणून हे मुद्दाम केलेलं असणार, असं वाटतं. नवा लिहिणारा म्हणून सूत्र घालतो, इतके मेले की इतका वेग. खरी गोष्ट साधी आहे. प्रोसेसर मंद होता. एका फेरीत तो एकाच परग्रहवासीयाला पुसून नव्या जागी काढू शके. पंचावन्न जिवंत असताना सगळ्यांना एक पाऊल टाकायला पंचावन्न फेऱ्या, म्हणजे जवळजवळ एक सेकंद. दहा उरले तर दहाच फेऱ्या. शेवटचा एकटा उरला की प्रत्येक फेरीत तोच. बैल थकलेला होता, ओझं कमी झालं तशी गाडी पळाली. निशिकादोने ते पाहिलं आणि तसंच ठेवलं. सूत्र घालणाऱ्याच्या खेळात सगळी फौज एकदम कवायतीसारखी पाऊल टाकते. मूळ खेळात वाऱ्याने शेतातली कणसं एकामागून एक झुकावीत, तशी लाट फौजेतून सरकत जाते.

आसऱ्यासाठी खाली जे चार बुरूज आहेत, त्यांचीही तीच कथा. पडद्यावर पेटलेले ठिपके, यापलीकडे त्यांना अस्तित्व नाही. गोळी जिथे पेटलेल्या ठिपक्याला भिडते तिथला लचका तोडला जातो. जपानी खेळाडूंनी तर एक चूक शोधून तिचं हत्यारच केलं. शत्रूची रांग अगदी खाली, आपल्या तोफेच्या डोक्यावर आली की तिच्या गोळ्या आपल्याला लागत नाहीत. तोवर जीव मुठीत धरून थांबायचं आणि मग एकेकाला टिपायचं. नागोया मारा या नावाने ही चाल जपानभर प्रसिद्ध झाली. स्वच्छ, निर्दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या खेळात ही चाल चालत नाही.

रॉम मिळाली म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. स्पेस इन्व्हेडर्सचे बरेचसे आवाज प्रोग्रॅममधून येतच नाहीत. प्रोग्रॅम फक्त ‘आता वाजव’ एवढं सांगतो. वाजवतात ती वेगळी सर्किटं, रोध आणि कपॅसिटर यांची. ती धडधडणारी चार मंद्र स्वरांची चाल तिथली. मेमच्या कर्त्यांनी अनेक वर्षं खऱ्या यंत्रावरून ध्वनिमुद्रित केलेले तुकडे वाजवून वेळ मारून नेली.

आणि रंग. चित्र काळंपांढरं, पण ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना तोफ हिरवी आठवते. आपल्याकडे कृष्णधवल टीव्हीचा काळ ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातली मेख सांगायला नको. टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पडदा लावायची टूम होती. वरच्या पट्ट्यात निळं, खाली हिरवं किंवा तांबूस. निसर्गदृश्य असलं की आकाश निळं दिसे आणि बातम्या सांगणाऱ्या बाईंचं कपाळही. स्पेस इन्व्हेडर्समध्ये हेच होतं. खालच्या भागावर हिरवी पट्टी, वर जिथून उडती तबकडी जाते तिथे केशरी-तांबडी. त्यामुळे तोफेतून सुटलेली गोळी खाली हिरवी असते, मध्ये पांढरी होते आणि माथ्याशी पोचताना तांबडी. ‘गोळीचा रंग: हिरवा’ असं लिहिणारा चुकला. रंग गोळीचा नाहीच, जागेचा आहे. मिडवेच्या उभ्या खोक्यात तर आणखी कारागिरी होती. पडदा थेट दिसत नसे, अर्धपारदर्शक आरशात त्याचं प्रतिबिंब दिसे आणि आरशामागे चंद्रभूमीचं रंगवलेलं चित्र. परग्रहवासी त्या डोंगरांवर हवेत तरंगताहेत असं वाटे. सपाट मॉनिटरवर चंद्राचं चित्र मागे चिकटवता येतं, पण डोकं जरा हलवलं की दोन्ही थर एकमेकांवरून सरकत, ते नाही आणता येत.

अॅस्टेरॉइड्स या खेळाने, १९७९ साली, वेगळीच पंचाईत करून ठेवली आहे. त्याची पिक्चर ट्यूब ओळी ओढत नसे. किरण हातात पेन्सिल धरल्यासारखा थेट रेघा काढी, म्हणून तिरकी रेघही सुरीच्या पात्यासारखी सफाईदार. गोळीच्या ठिपक्यावर किरण रेंगाळे तेव्हा काचेमागचं फॉस्फर असं पेटे की अंधाऱ्या गेम पार्लरमध्ये डोळे दिपत. आजच्या पडद्याचा पांढरा म्हणजे कागदाचा पांढरा. तो ठिपका निखाऱ्याचा होता. भोवतीची आभा, मागे रेंगाळणारी शेपटी, हे सगळं गणिताने रंगवता येतं आणि लोक ते फार सुरेख रंगवतात. उजेड मात्र पडदा देईल तेवढाच.

हे सगळे अडथळे एका बाजूला आणि १९७६चा नाइट ड्रायव्हर एका बाजूला. अटारीचाच. रात्रीचा रस्ता, समोरून दोन्ही बाजूंचे पांढरे खांब बारीक ठिपक्यांपासून मोठे होत अंगावर येतात आणि निघून जातात. हातात स्टिअरिंग, बाजूला गिअरचा दांडा, पायाखाली अॅक्सिलरेटर. रात्र निवडली ती सोयीची म्हणून. अंधारात झाडं, डोंगर, घरं काहीच काढावं लागत नाही. आणि आपली गाडी? तीही प्रोसेसरने काढलेली नव्हती. गाडी म्हणजे पडद्याच्या खालच्या भागात बसवलेलं छापील प्लास्टिकचं चित्र. ती जागची हलत नसे, रस्ताच डावीउजवीकडे वळे.

प्लास्टिकचा तो तुकडा रॉममध्ये येत नाही. नुसती रॉम बहुरूप्याच्या हाती दिली की खेळ बरोबर सुरू होतो, गुण चढतात, इंजिनाचा आवाज वाढतो, वळणावर चुकलं की धडकही होते. काळ्या पडद्यावर खांब येतात, जातात. मधे जिथे गाडी असायची तिथे रस्ता रिकामा असतो.